मुलींचं विज्ञान मंडळ, दर शनिवारी

६ डिसेंबर १९६९, पाचोरा
शाळेत मुलींचं विज्ञान मंडळ निघालं! शास्त्राच्या सुनंदाबाईंनी हेडमास्तरांचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे. हेडमास्तरांनी भाषण ठोकलं — "मुलींनी साबण करावा, शाई करावी. विजेच्या भानगडीत पडू नये." मुलांच्या मंडळाला सूक्ष्मदर्शक. आम्हाला कॉस्टिक सोडा. धन्य!

१३ डिसेंबर
साबण झाला. मळाबरोबर कातडीही निघते. बाईंनी तो मागच्या अंगणात पुरला, दार लोटलं आणि म्हणाल्या, "चला, आता विजेची घंटा करू."

२० डिसेंबर
घंटेचं घरी बापूजींना कळलं. "धनकुंवर, करंट लागून तोंड काळं पडलं, तर सोयरीक कोण करेल?" दोन सेलांनी तोंड काळं पडत असतं, तर गावातले सगळे बॅटरीवाले एव्हाना कोळसा झाले असते! मी नुसती मान हलवली. मान हलवण्यात आमच्या घरच्या बायका पदवीधर आहेत.

३ जानेवारी १९७०
वाजली!! खिळ्यावर तार गुंडाळली कस्तुरानं. ती यावलकडच्या पाड्यावरची, इथं वसतिगृहात राहते. वर्गात तोंड उघडत नाही. आज घंटेपेक्षा तीच मोठ्यानं ओरडली.

१० जानेवारी
जळगावला प्रदर्शन. हेडमास्तरांची व्यवस्था — घंटा आमची, टेबलाशी मुलांच्या मंडळातला लीलाधर ("मुलगा बोलतो छान"), आणि मी नि कस्तुरा दाराशी, गुलाबपाणी शिंपडायला. विज्ञानाची सेवाच ती!
परीक्षकांनी विचारलं, "हातोडी घंटेला चिकटून का राहत नाही?" लीलाधर छताकडे बघू लागला. छतावर उत्तर नव्हतं. गुलाबदाणी हातात तशीच, आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "हातोडीची पट्टी खिळ्याकडे ओढली गेली की जोड तुटतो, वीज थांबते. पट्टी मागे येते, पुन्हा जोड!"
"ही केली कुणी?"
"शाळेनं," हेडमास्तर.
"आम्हीन करेल शे, साहेब," कस्तुरा.
पहिलं बक्षीस! घेतलं हेडमास्तरांनी. गाडीत बसेपर्यंत गुलाबदाणी माझ्याच हातात होती.

१२ जानेवारी
मंडळ बंद. "मुली उद्धट झाल्या," हेडमास्तर. बाईंनी फळ्यावरची घंटेची आकृती स्वतःच पुसली. आज काही टोमणा सुचत नाही.

१७ जानेवारी
मंडळ भरलं — हेडमास्तरांच्याच घरी! त्यांच्या बायकोनं, कमलबाईंनी, आम्हाला निरोप धाडून बोलावलं. सतरंजीवर आमच्यात बसत म्हणाल्या, "मॅट्रिकला शास्त्रात मी पहिली आले होते." झोपाळ्यावरचा पेपर खाली आला. हेडमास्तरांनाही हे आजच कळलं.