दोन टपालपेट्या

मंगळवार, १४ जानेवारी २००३

डोरीला आज पकडलं! डोळ्यांत थेंब टाकतच नव्हती. मान वर, हातात बाटली, बाटलीला टोपण तसंच — नुसतं नाटक. का, तर "एक दिवसाआड टाकलं की जास्त दिवस पुरतं गं." काचबिंदू म्हणजे काय सर्दी आहे? मी एवढी ओरडले की कुत्रा पलंगाखाली जाऊन बसला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. थेंब रोज, आणि उन्हाळ्याच्या आत शस्त्रक्रिया. गेलेली नजर परत येत नसते. पण कापडाचं दुकान बंद पडलं तेव्हाच डोरीचा विमा गेला. माझा आहे, काउंटीच्या, म्हणजे जिल्हा सरकारच्या नोकरीचा, चांगला दणकट. तो मला मिळतो आणि माझ्या नवऱ्याला मिळतो. मला नवरा नाही. मला डोरी आहे, एकोणीस वर्षं, एका पलंगावर. त्याला काउंटीच्या भाषेत शब्दच नाही.

१७ जानेवारी

सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की आमचं काही खरं नाही. पहाटेपासून काउंटीच्या गाडीने रस्त्यांवरचा बर्फ सारतेय, खांदे भरून आलेत.

गॅरेजमध्ये आज टोइवोने डोनट आणले, म्हणजे काल त्याने बर्फगाडीच्या फाळाने कुणाच्या तरी घरचं टपाल येतं ती टपालपेटी उडवली. आमचा नियमच आहे तसा. रस्त्याकडेची पेटी पाडलीस, तर सगळ्यांना डोनट. मी आजवर एकदाही आणलेले नाहीत. म्हातारा टोइवो म्हणाला, "इर्मा, मरायच्या आधी एक तरी पाड गं! तुझ्या हातचा डोनट खाऊन मला वर जायचंय."

बेनीने सिगार वाटले. तिसरं लग्न! बायकोला विमा पहिल्या दिवसापासून. दुसरीलाही असाच मिळाला होता, आणि ती त्याच्याकडे एक हिवाळासुद्धा टिकली नाही. अभिनंदन, बेनी. मनापासून! पण दिवसभर रागाने गाडी जरा जोरातच हाकली.

२१ जानेवारी

युनियनच्या ऑर्विलने बातमी दिली. लग्न न झालेल्या जोडीदारालाही विमा मिळावा, अशी मागणी काउंटी मंडळापुढे ठेवलीय. चार तारखेला सुनावणी. कुणीही उठून बोलू शकतं.

घरी येऊन डोरीला उचलूनच घेणार होते. ती म्हणाली, "माझं नाव घेशील?"

"मग काय कुत्र्याचं घेऊ?"

"वचन दे. नाही घेणार."

दिलं. काय करणार! ती इथं राहायला आली तेव्हा तिची आई जिवंत होती, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी. आम्ही सांगितलं, डोरी वरच्या खोलीत भाडेकरू आहे. खरं वाटावं म्हणून डोरीने रस्त्यालगत माझ्या पेटीशेजारी स्वतःची वेगळी टपालपेटी ठोकली, वर स्वतःचं नाव रंगवलं. आई जाऊन नऊ वर्षं झाली. पेटी तिथंच आहे. दर हिवाळ्यात मीच तिच्याभोवतीचा बर्फ काढते. दोन्ही पेट्यांचा.

४ फेब्रुवारी

गेले. बोलले. गणवेशातच गेले, बूट ओले. म्हटलं, लोकांना कळू दे यांचे रस्ते कोण मोकळे करतं.

मंडळातले प्रूइट म्हणाले, "लग्न न करता एकत्र राहायचं आणि वर विमाही मागायचा?"

मी म्हटलं, "करू द्या की मग लग्न! आम्ही कधी नाही म्हटलं? आम्हाला बंदी करायची तुम्ही, आणि लग्न का नाही केलं हे विचारायचंही तुम्हीच!"

मागे कुणीतरी टाळी वाजवली. ऑर्विलच असणार.

मग प्रूइट अगदी गोड आवाजात म्हणाले, "आम्ही म्हणजे कोण, बाई? तुमच्या घरी कोण आहे?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. नाव जिभेवर होतं. वचन दिलेलं! मी म्हटलं, "माझं माणूस आहे," आणि खाली बसले. लाज वाटली. तिची नव्हे, माझ्या गप्प बसण्याची. आत्ता लिहितानाही कान तापलेत.

१८ फेब्रुवारी

मंजूर!!! एका मताच्या फरकाने. प्रूइट विरोधात, आणि तोंड असं की लिंबू चावलंय.

१९ फेब्रुवारी

मंजूर, पण. दोघांचा पत्ता एकच हवा. आणि नात्यातले नसलेले दोन साक्षीदार हवेत, या दोघी एक घर करून राहतात हे स्वतःच्या माहितीने सांगणारे.

कार्यालयातल्या बाईंनी बिचारीने मदतच करायचा प्रयत्न केला. "कुणीतरी ओळखीचं असेलच ना? शेजारी?" शेजारी काय सांगणार? वर भाडेकरू आहे म्हणून! एकोणीस वर्षं आम्ही इतकं छान लपवलं की आता खरं सांगायला एक माणूस नाही. सगळ्या गावाला पटवून दिलं. शाबास आमची!

डोरीला म्हटलं, टोइवोला सांगू. ऑर्विलला सांगू. दोन पेट्या म्हणजे दोन पत्ते, ती पेटी काढून टाकू.

"पेटीला हात लावायचा नाही."

"तुझी आई वारली, डोरी! आता कुणाची भीती? आंधळी झालीस की गाव येणार आहे का तुला हाताला धरून न्यायला?"

बोलू नये ते बोलले. पण खोटं नाही बोलले.

२० फेब्रुवारी

अबोला. जेवण झाकून ठेवलेलं. थेंब मात्र माझ्यासमोर टाकले, दोन्ही डोळ्यांत, टोपण काढून.

२३ फेब्रुवारी

आज शनिवारचा सौना, आमचं वाफेचं स्नान, रविवारी. तिथंही मुकाट. गरम दगडांवर पाणी तिनेच ओतायचं, नेहमीचं. निम्मं बाहेर सांडलं. मी नुसतं पुसून घेतलं. ओरडण्यापेक्षा हे जड गेलं मला.

२ मार्च

दुपारी घरी आले तर डोरी रस्त्याकडेला उभी! हातात लाकूड फोडायची कुऱ्हाड, टोपी तिरकी, नाक लाल. पायाशी एक पेटी आडवी.

"कालचं टपाल घ्यायला आले होते," म्हणाली. "तुझी कुठली, माझी कुठली, दिसेचना. नाव वाचता येईना. बोट फिरवून बघत होते, तर रस्त्यावरून गाडी गेली एक. आणि मला एकदम राग आला गं! स्वतःचाच. म्हटलं, ओळखता येत नाही तर दोन हव्यातच कशाला? एक तोडली."

मी पेटी उलटी केली. माझी होती!

"अगं, माझी तोडलीस!"

"तुझी?" तिने डोळे बारीक केले. मग आम्ही दोघी तिथंच बर्फात बसून इतक्या हसलो की पोटात दुखायला लागलं. मध्येच ती रडायला लागली, मग मीही. एक ट्रक थांबून विचारून गेला, सगळं ठीक आहे ना. डोरी त्याला म्हणाली, "उत्तम!"

संध्याकाळी तिच्या पेटीवर तिच्या नावाखाली माझं नाव रंगवलं. ब्रश मी धरला. अक्षर नीट आलंय की नाही, हे ती सांगत होती. ती!

३ मार्च

सकाळी गॅरेजचं दार उघडलं आणि डोरी आत आली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. एका हातात डोनटचं मोठं खोकं, दुसऱ्या हाताने भिंत चाचपत. मला काही सांगितलं नव्हतं!

"पेटी मी पाडली," ती म्हणाली. "म्हणून डोनट माझे. मी डोरी. इर्माच्या घरची."

मग टोइवोने एक डोनट उचलला, अर्धा खाल्ला, बोटांची साखर विजारीला पुसली आणि म्हणाला, "ऑर्विल, साक्ष द्यायची ती कुठं द्यायची रे?"

साक्षीदार लागतात दोन. हात वर झाले सात. बेनीने दोन्ही केले!