त्रास नाही

४ मार्च
सही केली! चौदा पानं, तीनदा वाचली. आठवीत शाळा सुटली, पण न वाचता सही करायची नाही एवढं कळतं. रक्ताच्या आजारावरचं जुनं औषध आता लागू पडत नाही — म्हणून हे नवं, चाचणीतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गुण येईलच असं नाही. नको वाटलं तर कधीही सोडा." इतकं खरं बोलल्या की त्याचीच भीती वाटली.

ताई भडकली. "तू काय उंदीर आहेस?" म्हटलं, उंदराची सही घेत नाहीत. हसली नाही.

९ मार्च
रोजचा त्रास लिहायला दवाखान्याने हिरवी वही दिलीय. लिहिलं — त्रास नाही. खरंच नाही.

२१ मार्च
गुण आला, रक्तातल्या पेशी वाढल्या! ताई म्हणते, "मीच सांगितलं होतं ना, घे म्हणून!"

२६ मार्च
दुकानात दुरुस्तीला आलेलं एक मनगटी घड्याळ उघडलं होतं. चिमट्यातून स्क्रू पडला. पुन्हा पडला. उजव्या हाताची तीन बोटं बधिर — जणू दुसऱ्याच कुणाची. मालक ओरडले, "लक्ष कुठंय रे?"

वहीत लिहिलं तर गोळ्या बंद करतील. मग? दुसरं औषधच नाही. लिहिलं — त्रास नाही. अक्षर सुबक यायला चार वेळा पेन धरावं लागलं.

२ एप्रिल
आता अंगठाही. शर्टाची बटणं ताईने लावली. "नवरदेव, हात दुखतात का?" हसलो.

५ एप्रिल
तपासणी. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. खूश! बाहेर बाकावर एक म्हातारे मास्तर, हातात तीच चौदा पानं. "खरं सांग बाळा, काही त्रास होतो?"

डाव्या हाताने उजवा झाकला. "काही नाही मास्तर."

"मग मीही सही करतो." पेन माझंच घेतलं. परवा त्यांची पहिली गोळी.

६ एप्रिल
माझ्या जिवाचं मी बघेन. पण त्यांनी मला विचारलं होतं — मला!

७ एप्रिल
दवाखाना उघडायच्या आत पायरीवर जाऊन बसलो. सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "कालपासून बोटांचं सांगणारे तुम्ही चौथे," एवढंच म्हणाल्या. मग मास्तरांना थांबवायला फोन उचलला. नंबर लावताना दोनदा चुकल्या.