पालखीचा चौथा खांदा

लालबाग, माघ वद्य पंचमी, शके १८१८

तीर्थरूप आईस भिकाजीचा साष्टांग नमस्कार.

शिमग्याला येतोच! मुंबईकराला दहा दिवस वेशीबाहेर ठेवतात म्हणे, म्हणून पंधरा दिवस आधीच बोटीत बसतो. वेशीवरच्या खोपटात तेवढी चूल मांडून ठेव. पालखी आपल्या दारात येईल तेव्हा पुढचा खांदा माझाच. तांबडी व्याली का?

साथीची काळजी करू नकोस, मी धडधाकट आहे. गावचे आम्ही चौघे खांद्यावर फळी घेऊन पालखी नाचवायचा सराव करतो. चाळ निम्मी रिकामी झाली, त्यामुळे जागा भरपूर.

परवापासून तिघेच आहोत. लहूच्या आईने विचारलं तर काही बोलू नकोस; पत्र वाचून दाखवणाऱ्या गुरवकाकांनाही बजाव. वेशीतून आत आलो की आधी तिच्या दारी जाईन, मग आपल्या.

तुझा भिकाजी