मिठाच्या पाण्यानं पुसलेली खुर्ची

मलकापूर, गुरुवार

तीर्थस्वरूप नाथाजीदादांच्या पायांशी धाकट्या विजयमालाचं डोकं. (या खेपेला ते जरा जास्तच खाली आहे, कारण पुढे कळेल.) वहिनींचा गुडघा कसा आहे? शेळ्या व्याल्या का? दहिवडीत पाण्याचं काय? फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही आधी ओरडता आणि मग ऐकता. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं.

दादा, तुम्ही माझ्या ऋषिराजसाठी आणलेलं सांगलीचं स्थळ मी माझ्या हातानं घालवलं असं वाटतंय. मुलगी, म्हणजे प्रांजल, दवाखान्यात आयसोटोपचं काम करते, असं तुम्ही सांगितलं होतं. तेव्हा मी नुसती मान हलवली. (मला वाटलं, दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला एखादा मोठा टोप असेल.) पाहुणे घर बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मोबाईलला विचारलं, तर त्यानं किरणं, शिसं, कॅन्सर असलं काय काय दाखवलं. मी मोबाईल पालथा घालून ठेवला. ऋषिराज फौजेतून रजेवर घरीच होता, त्याला विचारायला हवं होतं. पण पोराला कशाला घाबरवायचं, म्हणून गप्प बसले. (हा माझा शहाणपणा.)

पाहुणे आले. प्रांजलला मी एकदम दाराजवळची खुर्ची दिली, वारं लागेल असं सांगून. सगळ्यांना कपबशी आणि तिला तेवढा स्टीलचा पेला. पोरगी बिचारी हसून प्यायली. मग मंडळी मळ्यात ऊस बघायला गेली आणि मी लगेच, किरणं उतरावीत म्हणून, बादलीत खडेमीठ कालवून ती खुर्ची पुसायला घेतली. पाय पुसून पाठीपर्यंत आले, तर दारात प्रांजल! विसरलेली ओढणी न्यायला आली होती, आणि मागे तिचे वडील आप्पासो.

आप्पासो हळूच म्हणाले, “ताई, आमचा इटाळ झाला व्हय?”

दादा, त्या वेळी बादलीत तोंड घालून बसावंसं वाटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलून गेले, “न्हाई वो, आयन पुसत हुते.” (ऋषिराजच्या दहावीला हा शब्द दिवसभर कानावर पडायचा, तोच ऐन वेळी आठवला.)

प्रांजल हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, “काकू, आयन तर तुमच्या बादलीतच आहेत. मिठातल्या सोडियमच्या अणूनं एक इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला असतो आणि क्लोरीनच्या अणूनं तो घेतलेला असतो. तेच आयन. तुम्ही पुसत नाही, माखताय.” मग शेजारी बसून तिनं सगळं समजावलं. अणू कुठला ते प्रोटॉन किती यावरून ठरतं. न्यूट्रॉन कमी-जास्त झाले तर त्याचं वजन बदलतं, नाव तेच राहतं, त्यांना आयसोटोप म्हणायचं. बरेचसे गप्पच असतात, आपल्या रक्तामांसातसुद्धा असतात. ती वापरते ते किरण सोडतात खरे, पण ते शिशाच्या डबीत असतात आणि काही तासांत त्यांचा जोर निम्म्यावर येतो. “मी ते अंगाला लावून लोकांच्या घरी नेत नाही, काकू,” एवढंच शेवटी म्हणाली आणि त्याच ओल्या खुर्चीवर जाऊन बसली. “आता मला पण कपातून चहा द्या.”

दिला. ओतताना अर्धा बशीतच सांडला. ती बशीही तिनं संपवली. आप्पासोंनी मात्र पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

तेव्हापासून लग्नाबद्दल सांगलीचा निरोप नाही. ऋषिराज रजा संपायच्या आधीच युनिटला गेला. जाताना पाया तेवढा पडला. रागावला असता तर बरं झालं असतं. तर दादा, तुम्ही आप्पासोंकडे जाऊन माझ्यासाठी दोन शब्द टाकाल का?

तुमची,
विजयमाला

ता. क. आप्पासोंकडे मागाहून जा. आधी दुसरंच काम आहे, ते वर लिहायचं धाडस झालं नाही. माझ्या गळ्याला गाठ आलीय. कराडच्या डॉक्टरांनी थायरॉईडचा स्कॅन लिहून दिला, तो सांगलीला प्रांजलच्याच विभागात होतो. नाव नोंदवलं तर संध्याकाळी तिचाच फोन. “काकू, लग्नाचं मागून बघू. आधी गाठीचं बघू. या.”

आणखी एक. सोमवारी माझ्याबरोबर चला. आयसोटोपचं इंजेक्शन तिच्याच हातून घ्यायचं आहे. तिनं कितीही जोरात टोचलं तरी मी हूं की चूं करणार नाही. पण तुम्ही शेजारी उभे राहा दादा, तिच्या तोंडाकडं बघायचा धीर मला एकटीला न्हाई.