तीन डोसांची चटणी

४ एप्रिल २०२३
पेठेत परत कोरोना आलाय म्हणं. शेजारची बनाबाई मास्क लावून दळणाला चाललेली. मी म्हणलं, तीन-तीन डोस झालं की आपलं, आता कशाला मुसकी? ती म्हणाली, सुई घेतली म्हणून रोग दारातनं परत जात न्हाय. तिला पहिल्यापासनं सगळ्यात खोट दिसती. माझ्या लग्नातसुद्धा भात कच्चा म्हणालेली.
निश्चय: यंदा वर्षभराची मसाल्याची चटणी गल्लीत सगळ्यांच्या आधी माझी. दोन किलो नेसरीला. नात शिवानी तिथं नवीन सासरी गेलीय, तिच्या सासूला कळू दे कुणाच्या घरची पोरगी हाय.

६ एप्रिल
मिरच्या आणायला बाजारात गेलते. गर्दी. मास्क न्हाय लावला. डोस काय उगंच घेतलं?

९ एप्रिल
नाक गळतंय. कणकण. ऊन बाधलं. सून तेजस्वी म्हणाली, आत्या, डॉक्टरकडं चला. मी म्हणलं, मला ते हुणारच न्हाय. तिनं काढा दिला. गोड का कडू, कळलंच न्हाय. पोरीला काढासुद्धा जमत न्हाय.

१० एप्रिल, दुपारी
मिरच्या भाजल्या, मग खोबरं. गल्ली खोकत बाहेर आली. तालमीतली पोरं पळाली. आमचे हे टॉवेल तोंडाला लावून देवळात जाऊन बसले. आणि मी शेगडीपुढं, एक शिंक न्हाय. लसीचा गुण. मिरचीचा ठसका आत जात न्हाय, तिथं कोरोना काय जाणार? हे बनाबाईला ऐकू जाईल असं म्हणलं. ती दारातनं म्हणाली, म्हातारे, खोबरं करपलंय बघ. मला तर काय वास न्हाय. ही माझ्यावर जळती.

११ एप्रिल
डंकावर कुटून आणली. डंकवाला बाळासो म्हणाला, काकी, काळी कशी? मी म्हणलं, ब्याडगी हाय, मुरली की लाल हुती. नेसरीचा डबा लगेच एसटीनं धाडला.

१३ एप्रिल
जेवताना सगळे गप. चव बघून बोलती बंद झाली असणार. तेजस्वीनं मात्र किट आणली, माझ्या नाकात काडी घातली. दोन रेघा. मी म्हणलं, तीन डोस झाल्यात तर तीन रेघा यायला पाहिजेत, किट खोटी हाय. ह्यांच्या पण दोन. ह्यांनी देवळातनं आणला असणार.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजी, लसीनंतरपण लागण हुती. पण लस जिवावरचं दुखणं बऱ्याच जणांचं टाळती. आजोबांची शुगर बघता डोस नसते तर कदाचित दवाखान्यात खाट शोधत असता. घरात बसा, मास्क लावा.
म्हणजे लस भारी. मी तेच सांगत हुते की.

१५ एप्रिल
ह्यांचा ताप उतरला. पिठलं मागितलं. नुसतं पिठलं, चटणी नको म्हणाले.
शिवानीचा फोन. हळू आवाजात म्हणाली, आज्जी, सासूबाई विचारत्यात, ही खायाची का दात घासायची?
निश्चय: आठ दिवस फोन उचलायचा न्हाय.

१६ एप्रिल
बनाबाईनं दारात डबा ठेवला, तिच्या चटणीचा. लांबनंच म्हणाली, नेसरीला पण दोन किलो धाडलीय, तुझंच नाव सांगितलंय. सगळं घर बोटं चाटतंय. मला वास न्हाय, चव न्हाय, तवा माझ्यापेक्षा चांगली हाय असं मला काय म्हणता येत न्हाय.

२० एप्रिल, सकाळी
नाक परत आलं. पहिला वास तिच्याच डब्याचा. खोबरं बरोबर भाजलंय.
आणि माझ्या बरणीला धुराचा वास येतोय. झाकण लावून टाकलं. मास्क लावूनच बनाबाईकडं निघालेय. भाताचं मात्र काढणार न्हाय. तो कच्चाच हुता.