न आटलेला झरा

कोल्हापूर,
४ ऑक्टोबर २००६

प्रिय मल्लेश,

'प्रिय' फक्त रीत म्हणून. शत्रूलाही तसंच लिहायचं, असं कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं होतं.

काल आम्हा निवृत्त शिक्षिकांची सहल चंदगडला आपल्या सड्यावर, त्या कातळी पठारावर, गेली. बॉक्साइटची खाण बंद झाल्यावर माझ्या सख्ख्या भावानं, म्हणजे तू, तिथं निसर्गवाट केली, हे मला फाटकावरच्या पाटीनं सांगितलं. खाणीच्या खड्ड्यात तळं झालंय, लाल मातीवर जांभळी फुलं पसरलीत. वाटाड्या यल्लाप्पा पूर्वी त्याच खाणीत ट्रक भरायचा. त्याच्यामागून वळण घेतलं आणि लहानपणी अप्पा मला ज्या झऱ्यावर न्यायचे, तो समोर खळाळत होता.

"हा पुन्हा कधी सुरू झाला?" मी विचारलं.

"आटला कवा, बाई? खाण चालू हुती तवाबी आमी हितंच भाकरी खायाचो की!"

एक्क्याण्णव साली माझ्या स्वयंपाकघरात बसून तू म्हणाला होतास, "अक्का, सुरुंगांनी झरा गेला. आता तिथं नुसती धूळ. कशाला जीव अडकवतेस?" मी झऱ्यासाठी रडले आणि हक्कसोडपत्रावर सही केली. गाढवा, जमीन सरळ मागितली असतीस तर हसत दिली असती. जिवंत झरा मेला म्हणून का सांगितलंस?

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं, तर तू पहिल्या एसटीनं येशील, माझे पाय धरून रडशील आणि पुढं करशील त्या कागदावर मी पुन्हा सही करीन.

तुझी अक्का,
शिवलीला