अणुभट्टीला माझा ठाम विरोध

२ सप्टेंबर
आजपासून रोज लिहायचं. डोक्यात फार गर्दी झाली आहे.
आमच्या बाल्खाश तळ्याकाठी अणुभट्टी येणार. वीस तारखेला शाळेत जाहीर सभा. बोलायचं असेल त्याने नाव द्यायचं. मी दिलं. या गावात विरोधाला उभा राहील असा दुसरा आहे कोण? शेजारच्या सेयितनेही नाव दिलंय म्हणे, पण तो रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल बोलणार.
मला दोनच प्रश्न विचारायचे आहेत. पहिला: तळं आटत चाललंय, भट्टी थंड ठेवायला पाणी आणणार कुठून? तरुणपणी ज्या खुंटाला होडी बांधायचो, त्याला हल्ली शेळी बांधतो. दुसरा: माझा थोरला भाऊ मुकान सेमेयकडे मेंढ्या राखायला होता. तिथे अणुबॉम्बच्या चाचण्या चालायच्या. जमीन हलायची. साहेब लोक सांगायचे, काळजीचं कारण नाही. मुकान चाळिशी बघू शकला नाही. तुम्हीही म्हणता काळजीचं कारण नाही. मग त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय?
एवढंच. पाठ झालंसुद्धा.

३ सप्टेंबर, सकाळ
झोप नाही. घरातच फितुरी निघाली. बायको, कुलजान, भट्टीच्या बाजूची आहे!
चूल पेटवताना तिला खोकल्याची उबळ आली. ओसरल्यावर म्हणाली, "म्हाताऱ्या, लग्न झाल्यापासून तुझ्या कोळशाचा धूर गिळतेय. त्यांची भट्टी निदान माझ्या छातीत तरी पेटणार नाही. वीज भरपूर आली तर विजेची शेगडी ठेवीन."
मी म्हणालो, मुकानला विसरलीस? तिने चुलीत कोळसा सारला. मग म्हणाली, "मुकानला कोण विसरेल? पण सभेत बोलशील, की घरातच ओरडशील?"
 याचं उत्तर वीस तारखेला देईन.

७ सप्टेंबर
नुसता विरोध करून भागत नाही, पर्याय दाखवावा लागतो. पुतण्याने दिलेली सोलर प्लेट गोठ्यावर बसवली. कोळसा नको, अणू नको. ऊन आणि वारा! टीव्ही तिच्यावर जोडला. उद्या सगळ्या गावाला बोलावून दाखवणार.

८ सप्टेंबर
गावाला बोलावलं नाही. वाऱ्याने प्लेटवर वाळूचा थर चढला. कुलजानची मालिका ऐन लग्नात बंद पडली. दोष वाळूचा आहे, प्लेटचा नाही.

११ सप्टेंबर
भट्टीवाल्यांचा माणूस घरोघर फिरतोय. दाउरेन नाव. शहरातला, पण दारात बूट काढले, कुलजानला मानाने "आपा" म्हणाला. चहाला बसला.
त्याचं म्हणणं असं: इथली वीज बहुतेक कोळशाची. तो बंद करायचा तर ऊन हवं, वारा हवा, पण हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते, दिवस चिमूटभर असतो आणि वारा रुसून बसतो, तेव्हा न थांबता चालणारं काहीतरी लागतं. मी ठणकावलं, आमच्याकडे वारा कधी पडत नाही. तो खिडकीबाहेर बघून हसला. दोरीवरचे कपडे पुतळ्यासारखे उभे होते.
प्रश्न ओठावर आले होते. पण तेवढ्यात कुलजानने गरम बाउरसाकांची परात ठेवली. आपल्या दस्तरखानावर, जेवणाच्या चादरीवर, ही तळलेली पोळी खाणाऱ्या पाहुण्याला कोंडीत पकडायचं? आपल्यात बसत नाही. सभेत पकडू.

१५ सप्टेंबर
शेळीसमोर सराव. पहिला प्रश्न उत्तम गेला. दुसऱ्याला, मुकानचं नाव आलं की, दरवेळी अडखळतो. धूळ असणार.
सेयित कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "काय ओराझबाय, शेळीला पटलं का?" मी म्हणालो, ती निदान ऐकते तरी. "बांधलीय ना, जाईल कुठे!" म्हणाला. उथळ माणूस.

१९ सप्टेंबर
विजय!!
दाउरेन आणि गावचा कारभारी अकीम, दोघे घरी आले. हात छातीवर ठेवून, वडीलधाऱ्याला द्यायच्या मानाने म्हणाले, "अक्सकाल, उद्या सभेची सुरुवात तुमच्या बाताने व्हावी." बाता म्हणजे वडीलधाऱ्याचा आशीर्वाद, तो झाल्याशिवाय आमच्याकडे पान हलत नाही. सेयितला विचारलं नाही. तो माझ्यापेक्षा वर्षाने मोठा आहे.
म्हणजे सगळ्यांच्या आधी मीच बोलणार. बातातच दोन्ही प्रश्न घुसवायचे. कोणाला कळायच्या आत काम तमाम.
कुलजान म्हणाली, "बातात वाईट शब्द चालत नाही, माहीत आहे ना?" बायकांना डावपेच कळत नाहीत.

२० सप्टेंबर, संध्याकाळ
नीट क्रमाने लिहितो.
तळहात वर केले. अख्ख्या शाळेने केले. म्हणालो, तळं भरलेलं राहो. सगळे म्हणाले, आमीन. लेकरं आपल्या मातीत राहोत. आमीन. आता मुकानचं काढायचं. पण तळहात आकाशाकडे, समोर लहान पोरंही हात पसरून बसलेली, आणि अशा वेळी तोंडातून 'नको' निघत नाही.  जी वाक्यं लहानपणापासून ऐकली, तीच आपोआप बाहेर पडू लागली. हाती घेतलेलं काम उजळो. वाट मोकळी होवो. आमीन! सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. टाळ्या.
हरकत नाही, म्हटलं. माझं नाव यादीत होतंच. पाळी आली तशी उठलो. माइकवाली मुलगी हसून म्हणाली, "आजोबांनी तर आधीच आशीर्वाद दिलाय!" पुन्हा टाळ्या. दिलेल्या बाताविरुद्ध त्याच दिवशी बोलणार कसं? बसलो.
सेयित दिव्यांबद्दल बोलला. दिवे मंजूर.
जेवणात मला मानाचं मेंढीचं डोकं वाढलं. इथे मात्र मी डाव साधला. कान कापून मुलांना द्यायचा असतो, त्यांनी मोठ्यांचं ऐकावं म्हणून. मी तो सरळ दाउरेनच्या ताटात ठेवला. आता ऐकावंच लागेल! त्याने आभार मानून खाल्ला. जरा चिवट आहे, म्हणाला.
वर मला चापान पांघरला, भरतकामाचा लांब झगा. घ्यावा लागला.

२७ सप्टेंबर
पेपरात माझा फोटो. तळहात पसरलेले, डोळे मिटलेले. खाली लिहिलंय, गावच्या ज्येष्ठांचा अणुभट्टीला आशीर्वाद.
कुलजानला समजावलं की ही दूरची खेळी आहे, आता ते मला आपला समजतील आणि बेसावध राहतील. ती फोटोकडे बघत राहिली. म्हणाली, "मुकानसारखा दिसतोस यात." मग पेपर घडी करून उशीखाली ठेवला. चुलीत घातला नाही.

६ नोव्हेंबर
संधी परत आली! कामगारांच्या वसाहतीची पायाभरणी होणार आहे. बाता लागणारच, आणि या भागात बाता म्हटलं की माझंच नाव. या वेळी आधी प्रश्न, मग आशीर्वाद. कागदावर लिहून खिशात ठेवले. चापान झटकला. दाढी विंचरली. गाडी कधी येते तेवढं कळायचंय.

१० नोव्हेंबर
सकाळपासून चापान घालून बसलो होतो. गाडी नाही, दाउरेनचा फोन आला. आवाज अगदी गोड. "अक्सकाल, रस्त्यावर बर्फ आहे, तुम्ही उगाच त्रास घेऊ नका. त्या दिवशीचा तुमचा बाता आमच्याकडे रेकॉर्ड आहे. मोठ्या पडद्यावर लावू. आवाज फार स्वच्छ आलाय."
मी म्हणालो, बरं.
चापान खुंटीला टांगला. चुलीपुढे उभा राहून दोन्ही प्रश्न विचारले. मोठ्याने, एकदाही न अडखळता. मुकानचं नावसुद्धा.
कुलजानला उबळ आली. बराच वेळ थांबेना. थांबली तेव्हा डोळे पुसून म्हणाली, "छान विचारलंस. आता कोळसा आण."
आणला.